गुजरातची वाटणी: उत्पन्न निम्मं, चाव्या एकाकडे

गोत्री आता बडोदे शहरात मिसळून गेलंय. इथून डभोई गाडीने तासाभराच्या अंतरावर. पण १७५२ नंतरच्या गुजरातेत बडोदं गायकवाडांचं आणि डभोई पेशव्यांची होती. दोन्हीकडे मराठेच, मग मध्ये ही रेघ कोणी ओढली?

१७५१ मध्ये दमाजीराव गायकवाड ताराबाईंच्या बाजूने साताऱ्याकडे गेले आणि नानासाहेब पेशव्यांनी त्यांना कैद केलं. १७५२ मध्ये सुटका झाली ती तह करूनच. मागील बाकीपोटी १५ लाख, सालाना सव्वापाच लाख, गरजेला फौज आणि गुजरातचा निम्मा मुलूख. त्यात एक कलम फार बोलकं आहे: पुढे जो मुलूख जिंकला जाईल, तोही निम्मा-निम्मा. म्हणजे अहमदाबाद अजून मोगलांकडे होतं, तेव्हाच त्याची वाटणी ठरली होती!

असंच १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटाबाहेर घडलं होतं. शहर पडण्याआधीच, मार्च महिन्यात, व्हेनिसवाले आणि क्रूसेडर यांनी करार केला. नव्या सम्राटाला साम्राज्याचा पाव हिस्सा, उरलेला पाऊण दोघांत सारखा. व्हेनिसच्या वाट्याला तीन अष्टमांश आले. एप्रिलमध्ये शहर पडलं.

इकडे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजीराव यांनी मिळून अहमदाबाद घेतलं. मोगलांच्या वतीने शहर लढवणाऱ्या जवानमर्दखान बाबीला पाटण-राधनपूरकडचा मुलूख मिळाला. शहराचं उत्पन्न पेशवे-गायकवाडांत निम्मं-निम्मं ठरलं. अंमल मात्र पेशव्यांच्या सुभेदाराचा. गायकवाडांच्या ताब्यात जमालपूरचा एकच दरवाजा.

माझा जन्म यंत्रांत गेला, म्हणून मला इथे खटकतं. दोन भागीदारांनी एक यंत्र घेतलं, उत्पन्न सारखं वाटायचं ठरलं, पण चालू-बंद करायची कळ एकाच्याच हाती, तर हिशेबाचं भांडण ठरलेलंच. झालंही तसंच. १८०० मध्ये पेशव्यांचा सुभेदार आबा शेलूकर आणि गायकवाड यांच्यात उघड लढाई झाली. शेलूकर हरला. मग दुसऱ्या बाजीरावाने आपला हिस्सा सालाना पाच लाखांच्या इजाऱ्याने गायकवाडांनाच दिला. १८०४ मध्ये इजारा दहा वर्षांनी वाढला. १८१४ मध्ये मुदत संपली, तेव्हा तो त्रिंबकजी डेंगळ्यांकडे गेला.

जुने हिशेब मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले होते, इंग्रजांच्या हमीवर. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजीवर आला आणि इंग्रजांना हवं ते निमित्त मिळालं. जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांना गायकवाडांवरचे हक्क सोडावे लागले. नोव्हेंबरमध्ये गायकवाडांनीही अहमदाबादेतला आपला हिस्सा कंपनीला दिला. बदल्यात जे मिळालं, त्यात आपली डभोई होती.

कॉन्स्टँटिनोपल ५७ वर्षांनी, १२६१ मध्ये, ग्रीकांनी परत घेतलं. आपली वाटणी ६५ वर्षं टिकली. फरक एवढाच, की तिकडे मूळ मालक परतला. इकडे दोघांचं भांडण सोडवायला आलेला तिसराच मालक झाला.

अहमदाबादेत जमालपूरच्या बाजूला गेलात तर गायकवाड हवेली विचारा. नाव अजून चालतं. निम्म्या शहराचे धनी एका दरवाजाजवळ का बसले होते, हे तिथे उभं राहिलं की चटकन कळतं.