निवडणूक रोखे
राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीचे बिनव्याजी वचनपत्र. भारत सरकारने ही योजना जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केली. १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतचे रोखे फक्त भारतीय स्टेट बँकेत मिळत; पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे, पण अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक असे. म्हणजे मतदार अंधारात, सरकारी बँकेकडे मात्र सगळी नोंद! कंपन्यांच्या देणग्यांवरील सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ च्या वित्त अधिनियमानेच उठवली होती. त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही हात सैल सोडता येई. मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी योजना घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाने मागवलेले रोख्यांचे तपशील देण्यासाठी बँकेने मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. मार्चमध्ये देणगीदारांची यादी जाहीर झाली.