गोरा वाटेकरी

अमेरिका म्हटली की उंच इमारती आणि मोटारी डोळ्यांपुढे येतात. पण त्याच देशाच्या दक्षिण भागात, कापसाच्या रानात, अनवाणी पायांचा गोरा शेतकरीही राबत होता. त्याची हकीकत आज ऐकू या.

१८६५ साली तिथले यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी गेली. जमीन मात्र बहुतेक मळेवाल्यांकडेच राहिली. सुटलेला काळा मजूर भूमिहीन होताच. कर्जापायी लहान गोरा शेतकरीही भूमिहीन होऊ लागला. दोघेही वाट्याने कापूस करू लागले. बियाणे उधार, पीठमीठ उधार, तारण म्हणून उभे पीक, आणि हिशेबाची वही दुकानदाराच्या हाती! सावकारी पाहिलेल्या आपल्या खेड्यांना हे गणित वेगळे सांगायला नको. १९३० च्या सुमारास दक्षिणेत गोऱ्या कुळांची संख्या काळ्या कुळांहून अधिक होती.

मग दोघे एक का झाले नाहीत? प्रयत्न झाला. १८९० नंतरच्या काही वर्षांत पीपल्स पार्टीने दोघांची मते एकत्र आणू पाहिली. धनिक सावध झाले. अलाबामा राज्याने १९०१ साली नवी घटना केली. मत द्यायचे तर वर्षाला दीड डॉलर डोईपट्टी भरा. थकली तर मागची बाकीही चुकवा! रोख पैसा पाहायला न मिळणाऱ्याने ती भरायची कशी? रोख होता काळ्यांवर, आणि त्यांचे हाल कितीतरी भयंकर झाले. पण त्याच कुऱ्हाडीने गरीब गोऱ्याचेही मत तुटले. त्याच्या हाती उरला तो फक्त कातडीचा अभिमान.

१९३३ साली सरकारने कापूस कमी करण्यासाठी पैसे दिले. ते बहुतेक जमीनमालकांनी ठेवले आणि पुष्कळ कुळांना बाहेर काढले. तेव्हा १९३४ च्या जुलैत आर्कान्सामधील टायरोंझा गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे एका शाळेत जमले. संघटना वेगवेगळ्या करायच्या की एकच? एकच, असे ठरले. पुढे मारहाण झाली, धमक्या आल्या. तरी संघटना हजारोंची झाली.

डोईपट्टी १९६४ साली केंद्रीय निवडणुकांतून आणि १९६६ साली राज्यांच्या निवडणुकांतून गेली.

गुरुजनहो, हा इतिहास मुलांना सांगाल तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : पोट भरलेले नसताना, मी दुसऱ्याहून वरचा, या समाधानाची किंमत कोण मोजतो, आणि नफा कोणाच्या पदरी पडतो?