डावा पाय पुढे

तेरच्या लोकांनी ग्रीकांना कापड विकले, हे नक्की. त्यांच्याकडून पुतळा घेतला का, हा प्रश्न वेगळा आणि जास्त मजेदार आहे.

धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर म्हणजे जुने तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये पक्की केली. त्यासाठी उपयोगी पडले ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातले ग्रीक पुस्तक. ते लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याचे नाव कुणालाच माहीत नाही, पण हिशेबाला माणूस चोख. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचला येते, असे तो लिहितो. भडोचला राजासाठी काय आणावे तेही सांगतो: चांदीची भांडी, गाणारी मुले, देखण्या मुली, उंची मद्य, तलम वस्त्रे. यादीत पुतळा नाही. याच पुस्तकात अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या काने बंदराची यादी आहे, तिथल्या राजासाठी मात्र घोड्यांबरोबर पुतळे न्यावेत असे म्हटले आहे. म्हणजे पुतळा हा त्या काळी जहाजावर चढणारा माल होता. भडोचच्या यादीत तो का नसावा? इकडच्या राजांना त्याचे वेड नसेल, किंवा इकडे आपले कारागीर होते म्हणूनही असेल.

हा माल कोणत्या घराण्यातला, ते पाहायला तेरहून बरेच लांब जावे लागते. ग्रीसच्याही पलीकडे, नाईलच्या काठी.

इजिप्तचा दगडी पुरुष हजारो वर्षे एकाच ढबीत उभा राहिला. खांदे चौकोनी, हात अंगालगत, मुठी वळलेल्या, नजर समोर आणि डावा पाय पुढे. आपल्याकडे नवी सून उजवा पाय टाकून माप ओलांडते, तसा तिथे हा डाव्याचा मान. पाय पुढे असूनही माणूस चालत नाही, कारण दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या आणि भार दोन्ही पायांवर सारखा. पाठीशी बहुधा दगडाचा खांब, कमरेला वस्त्र, हात आणि धड यांच्यामधला दगड तसाच ठेवलेला. दगड फुटू नये ही काळजी त्यात होतीच, आणि मेलेल्या माणसाच्या आत्म्याला कायमचे घर हवे ही गरजही.

इसवी सनपूर्व सातव्या शतकात ग्रीक व्यापारी आणि भाडोत्री सैनिक इजिप्तमध्ये जाऊ-येऊ लागले. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ग्रीसमध्ये नॅक्सोस आणि पॅरोस बेटांच्या संगमरवरातून माणसाएवढे आणि त्याहून मोठे तरुण उभे राहू लागले. त्यांना आज ‘कूरॉस’ म्हणतात. डावा पाय पुढे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, सगळे इजिप्तचेच. प्रमाणेही तिथूनच आली असावीत. ग्रीक इतिहासकार डायोडोरस एक गोष्ट सांगतो: टेलेक्लीस आणि थिओडोरस या दोघा भावांनी एकाच मूर्तीचे अर्धे-अर्धे भाग सॅमोस आणि इफेसस अशा दोन गावी बसून घडवले आणि जोडल्यावर ते तंतोतंत बसले, कारण दोघे इजिप्तच्या मापाने काम करत होते. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण ती सांगणाऱ्याला मापाचे सामर्थ्य कळले होते.

ग्रीकांनी मात्र दोन गोष्टी लगेच बदलल्या. पाठीचा खांब काढून टाकला आणि हात व कंबर यांच्यामधला दगड कोरून मोकळा केला. संगमरवराचा माणूस स्वतःच्या दोन घोट्यांवर उभा राहिला. आणि त्याच्या अंगावरचे वस्त्रही गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला कूरॉस इ.स.पू. 590 च्या आसपासचा, त्याचे पोट आणि बरगड्या अजून नक्षीसारख्या रेघांनी दाखवलेल्या. अॅटिकातल्या अॅनाविसॉसचा कूरॉस त्यानंतर साठेक वर्षांनी घडला. ढब तीच, पण मांड्या भरलेल्या, गाल फुगीर, आत मांस असल्यासारखा. हा क्रोइसॉस नावाच्या तरुणाच्या थडग्यावरचा. लढाईत पुढच्या फळीत पडलेल्या या मुलासाठी थांबून शोक कर, असे त्याचा चौथरा वाटसरूला सांगतो. आपल्याकडच्या वीरगळांशी याचे काम जुळते, फक्त आपला वीर दगडाच्या पाटावर लढताना, मरताना आणि स्वर्गात जाताना दिसतो, तर हा एकटा नुसता उभा.

सुमारे सव्वाशे वर्षे ग्रीक शिल्पी स्नायू, गुडघे, कानाची पाळी सुधारत राहिले, पण भार दोन्ही पायांवरच राहिला. मग इ.स.पू. 480 च्या सुमारास कुणीतरी तो हलवला.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर सापडलेला ‘क्रिटिओसचा मुलगा’ हा त्या बदलाचा साक्षीदार. आता उरलेली मूर्ती जेमतेम पावणेचार फूट. धड 1865 मध्ये मिळाले आणि डोके 1888 मध्ये. डाव्या पायावर भार, उजवा गुडघा किंचित सैल, त्यामुळे डावा कुल्ला वर चढलेला, पाठीचा कणा अगदी थोडा वाकलेला, मान जराशी वळलेली. एक पाय सैल सोडला की अंगातली प्रत्येक गोष्ट त्याची दखल घेते, हे इथे पहिल्यांदा दगडात नीट दिसते. इ.स.पू. 480 मध्येच इराणी फौजांनी अथेन्स जाळले होते, म्हणून युद्धातून बाहेर आलेल्या समाजाचा हा नवा आत्मविश्वास, असे बरेच लिहिले जाते. मला त्यापेक्षा ओतकामाचे कारण जास्त पटते. मेणाचा नमुना करून आतून पोकळ कांस्यमूर्ती ओतण्याचे तंत्र याच सुमारास पक्के झाले होते. कांस्याचा हात पसरला तरी तुटत नाही, घोट्यावर ओझे येत नाही, आणि मूळ मातीचा नमुना बोटाने दाबून हवा तसा वळवता येतो. समुद्रातून 1920 च्या दशकात वर आलेला आर्टेमिसिअनचा देव दोन्ही हात फैलावून शस्त्र फेकायच्या पवित्र्यात आहे. संगमरवरात तो उभाच राहिला नसता.

पुढची पायरी शिल्पकार पॉलिक्लायटॉसची. इ.स.पू. 440 च्या सुमारास त्याने भालाधारी पुरुषाची कांस्यमूर्ती केली आणि शरीराच्या प्रमाणांवर ‘कॅनन’ नावाचा ग्रंथ लिहिला. बोटाचे बोटाशी, बोटांचे तळव्याशी, तळव्याचे मनगटाशी नाते आकड्यांत बांधणारा. मूर्तीही वितळली आणि ग्रंथही हरवला. आपल्याला दिसतात त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला, त्यातली उत्तम पाँपेईची, आता नेपल्सला. उजवा पाय ताठ तर उजवा हात सैल, डावा पाय सैल तर डाव्या हातात भाला. ताण आणि विसावा अंगभर फुलीसारखे मांडलेले. आपल्या शिल्पशास्त्रातही मुखाची लांबी म्हणजे एक ताल, तालाची बारा अंगुले, आणि मूर्ती नवताल की दशताल हे देवाच्या दर्जावरून ठरलेले. फरक असा, की आपले मापाचे ग्रंथ राहिले आणि ते लिहिणाऱ्यांची नावे बहुतांशी गेली.

अलेक्झांडरचा शिल्पकार लिसिपॉस याने डोके लहान केले, अंग सडपातळ केले आणि हात समोर, पाहणाऱ्याच्या अंगावर आणले. आता पुतळ्याभोवती फिरून पाहावे लागे. त्याच्यानंतर या घराण्याच्या नकला सगळीकडे पसरल्या: संगमरवरात, मातीत, आणि प्रवासात बरोबर नेता येतील अशा छोट्या कांस्यात.

त्यातली एक आपल्याकडे पोहोचली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944-45 च्या सुमारास कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. मागोमाग हसमुख सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. साठ्यात आरसे, सुरई आणि ग्रीक समुद्रदेव पोसायडन. एका हातात मावेल एवढी मूर्ती, दाढीवाला, एका पायावर भार टाकून निवांत उभा, वर उचललेल्या हातातला त्रिशूळ हरवलेला. आज तो कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या दूर पंचगंगेकाठी समुद्राचा देव कुणाला हवा होता? पूजेला घेतला असेल असे वाटत नाही. सातवाहन काळातल्या कुणा धनिकाच्या घरात तो परदेशी नवलाई म्हणून मिरवत असावा.

तेरला मात्र असा कांस्याचा देव पोहोचल्याचे दिसत नाही. तिथे जे पोहोचले ते तंत्र. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंवर तेरचे सरकारी संग्रहालय उभे आहे. त्यात पांढऱ्या मातीच्या, केओलिनच्या, छोट्या मूर्ती आहेत. आधी एकच साचा असे, पुढचा भाग त्यात दाबायचा आणि पाठ हाताने थापायची. या मूर्ती दोन साच्यांच्या. पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून जोडलेला, आत पोकळ, वजनाला हलक्या, पाठीकडूनही वेणीचा पेड न् पेड दिसणाऱ्या. ही रीत भूमध्य समुद्राकडून आली असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकेही या काळात दख्खनमध्ये निघत. पण साच्यातून बाहेर पडल्या त्या बहुतेक इथल्याच बायका, इथल्या केशरचनेच्या, इथल्या दागिन्यांच्या. संग्रहालयातली सर्वांत नावाजलेली वस्तूही हस्तिदंती स्त्रीच आहे, पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभेल अशी. तेरने साचा घेतला आणि भालाधारी तरुण समुद्रापलीकडेच राहू दिला.

दख्खनच्या कारागिराला पुरुष घडवता येत नव्हता, असे म्हणायची सोय नाही. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात ढेरपोट्या, खुशीत हसणारा, डोक्यावर पात्र पेललेला यक्ष मिळाला. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. प्राचीन भारतात मूर्तीवर कर्त्याची सही विरळाच, म्हणून हा कण्हदास मला फार जवळचा वाटतो. त्याने आदर्श प्रमाणांना सरळ धाब्यावर बसवले आहे.

आता धाराशिव शहराजवळची लेणी. तिथल्या मोठ्या लेण्यात नागफणांच्या छत्राखाली पार्श्वनाथ बसले आहेत. अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या याच लेण्यांची कथा गुंफली. करकंड राजाला पार्श्वनाथाची मूर्ती सापडते, तिच्या आसनावरची गाठ फोडल्यावर पाण्याचा झरा उसळतो. मूर्ती बैठी आहे. पण जिनाची दुसरी ढब उभ्याची, कायोत्सर्गाची, आणि ती पाहिल्यावर कूरॉस आठवल्याशिवाय राहत नाही. तीच समोरची नजर, तेच रुंद खांदे, तीच नग्नता, भार दोन्ही पायांवर सारखा. पाटण्याजवळ लोहानीपूरला 1937 मध्ये मिळालेले चकाकत्या दगडाचे धड मौर्यकाळातले मानतात. तेव्हापासून ही ढब चालत आली आहे.

सारखेपणा इथेच संपतो. कूरॉसच्या मुठी मांड्यांना चिकटलेल्या, जिनाचे हात खाली सोडलेले पण अंगाला न टेकणारे. कूरॉसचा डावा पाय पुढे, जिनाचे दोन्ही पाय एका रेषेत, बोटांकडे चार अंगुळांचे अंतर आणि टाचांकडे थोडे कमी. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात बाहुबलीच्या मांड्यांवर वेली चढल्या आहेत. तो वर्षभर तसाच उभा होता. त्याने एक गुडघा सैल सोडला असता तर वेली सुटल्या असत्या.

ग्रीक शिल्पाच्या इतिहासात ताठ उभा कूरॉस हा अडाणी आरंभ आणि सैल गुडघा ही सुटका, अशी मांडणी शाळेपासून वाचायला मिळते. वेरूळला ती चालत नाही. तिथेच जिनांच्या बाजूचे चामरधारी कंबर मुरडून, एक पाय सैल सोडून मजेत उभे आहेत. त्याच छिन्नीने ते केले आहेत. कारागिराला भार हलवता येत होता, त्याने तो चाकरांच्या आणि यक्षांच्या अंगी दिला आणि ज्याने देहाची आसक्ती सोडली त्याला दिला नाही. अथेन्सला माणसाचे देखणेपण म्हणजे त्याच्या शरीराची हालचाल वाटली, इथे न हलणे हेच त्याचे कर्तृत्व ठरले. श्रवणबेळगोळच्या 57 फुटी बाहुबलीच्या पायाशी मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी एक आहे. एवढा मोठा पुरुष चावुंडराजाने करवला, एवढेच ती सांगते.

ग्रीक पुतळा आपल्याकडे दुसऱ्यांदा आला तो मात्र मुक्कामालाच. मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लॅस्टरचे ठसे होते, आणि जिवंत माणूस समोर बसवण्याआधी विद्यार्थ्यांना ते ठसे रेखाटावे लागत. गणपतराव म्हात्र्यांनी 1896 मध्ये, विद्यार्थी असतानाच, देवळाकडे निघालेली नऊवारीतली मुलगी घडवली. लुगड्याआडून पुढे आलेला तिचा गुडघा थेट त्या ठशांच्या वर्गातून आला आहे. पुढे करमरकर, तालीम हे शिल्पकार याच शिस्तीत वाढले आणि चौकाचौकातल्या पुतळ्यांचे वळण त्यांनी घालून दिले. तालुक्याच्या गावी नेत्याचा पूर्णाकृती पुतळा बसवायचा ठरतो, तेव्हा समितीच्या बैठकीत कापडाच्या चुण्या, चष्मा, हातातले पुस्तक, बोटाची दिशा यांवर वाद रंगतो. एक पाय किंचित पुढे आणि दुसऱ्यावर भार, यावर वाद होत नाही. शिल्पकार ते गृहीत धरूनच मातीचा नमुना आणतो.

आणि 1963 मध्ये कुंभोजजवळच्या डोंगरावर 28 फुटांचा संगमरवरी बाहुबली बसवला गेला, तेव्हा जे. जे.ला शंभर वर्षे उलटून गेली होती. त्याचे दोन्ही पाय एका रेषेत आहेत.