एसएसएचएफएसचा उलटा माउंट: पॅसिव्ह मोड अडला तर काय तपासाल?

नेहमीचा एसएसएचएफएस लॅपटॉपवर चालवला की सर्व्हरवरचं फोल्डर लॅपटॉपवर दिसतं. पण कधीकधी उलटं हवं असतं. कोड लॅपटॉपवर आहे, तो सर्व्हरला दिसायला हवा, आणि लॅपटॉप घरच्या राउटरमागे असल्यामुळे सर्व्हर तिथपर्यंत पोचू शकत नाही. अशा वेळी 'पॅसिव्ह' हा ऑप्शन वापरतात. जुन्या आवृत्त्यांत याचंच नाव 'स्लेव्ह' होतं, त्यामुळे ऑप्शन ओळखला गेला नाही तर आधी दुसरं नाव वापरून बघा.

या मोडमध्ये एसएसएचएफएस स्वतः कनेक्शन उघडतच नाही. स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो, स्टँडर्ड आउटपुटवर लिहितो, बस. लॅपटॉपवर एसएफटीपी-सर्व्हर, मध्ये साधं एसएसएच आणि पलीकडे एसएसएचएफएस. ही टोकं दोन्ही दिशांनी जोडायला डीपाइप लागतं (व्हीडीई२ पॅकेजमध्ये असतं). नसेल तर एमकेफिफोने नेम्ड पाइप बनवूनही भागतं. एसएफटीपी-सर्व्हरचा पाथ डेबियन आणि फेडोरावर वेगळा आहे, तेवढं बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. माउंट होतच नाही, कनेक्शन लगेच तुटतं, पण पासवर्ड, की सगळं बरोबर. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती. कारण निघालं सर्व्हरवरच्या माझ्याच बॅशआरसी फाईलमधली स्वागताची एक इको ओळ! एसएफटीपीच्या प्रत्येक मेसेजचे पहिले चार बाइट म्हणजे त्या मेसेजची लांबी. 'वेलकम' या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं आकडा म्हणून वाचली तर १,४६,६२,६४,६७५ येतात. ओपनएसएसएचच्या एसएफटीपी-सर्व्हरची मर्यादा २,६२,१४४ बाइटची, त्यामुळे तो 'बॅड मेसेज' म्हणून बंद पडतो. आणि हा लॉग सापडतो लॅपटॉपवर, सर्व्हरवर नाही! एसएफटीपी-सर्व्हरला '-ई' दिलं की तो सिसलॉगऐवजी थेट स्क्रीनवर येतो.

तपासणी सोपी आहे. एसएसएचवरून सर्व्हरवर फक्त 'ट्रू' ही कमांड चालवा आणि आउटपुट 'डब्ल्यूसी -सी'ला पाइप करा. उत्तर शून्यच यायला हवं. नाही आलं तर ती इको ओळ बॅशआरसीमधल्या इंटरॅक्टिव्ह शेल तपासणाऱ्या भागाच्या खाली न्या. एसएसएचला '-टी'ही देऊ नका, टर्मिनल मध्ये आलं की बायनरी डेटाची वाट लागते.

'रीकनेक्ट'चा इथे उपयोग नाही, कारण तुटलेला पाइप एसएसएचएफएस पुन्हा जोडू शकत नाही. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' हवं असेल तर ते बाहेरच्या एसएसएच कमांडला द्यायचं. एसएसएचएफएसला दिलं तर काहीच होत नाही. कनेक्शन गेल्यावर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' दिसलं तर सर्व्हरवर 'फ्यूजरमाउंट३ -यू' ने जुना माउंट काढा, मगच नव्याने सुरू करा.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. कमांडमध्ये आपण एकच फोल्डर लिहितो, पण तो पाथ मागतो पलीकडचा एसएसएचएफएस. एसएफटीपी-सर्व्हर तुमच्या युजरने चालतो, त्यामुळे तुम्हाला वाचता येणारी कुठलीही फाईल, अगदी तुमची प्रायव्हेट कीसुद्धा, पलीकडून मागता येते. '-आर' दिलं तर लिहिणं बंद होतं, वाचणं नाही. सर्व्हरचा रूट दुसऱ्या कुणाकडे असेल तर लॅपटॉपवर यासाठी वेगळा युजर बनवा आणि एसएफटीपी-सर्व्हर त्याच्याच नावाने चालवा.