डिशवाल्याची वाट

भारतातल्या दूरचित्रवाणीचा इतिहास लिहायचा तर तारखांना तोटा नाही. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण, 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र, 1982 मध्ये रंगीत चित्र, 1991 मध्ये परदेशी वाहिन्या, 2003 मध्ये थेट घरच्या छपरावर उतरणारी उपग्रह-सेवा. या सगळ्या तारखा प्रक्षेपणाच्या आहेत. घरातल्या पडद्यावर चित्र उमटले ती तारीख मात्र प्रत्येक घराची निराळी, आणि ती कोणत्याही सरकारी अहवालात सापडत नाही. या दोन तारखांच्या मधला काळ कोणीतरी वाट पाहण्यात घालवलेला असतो. त्या वाट पाहण्याचा शोध मी काही वर्षे घेतो आहे. त्यासाठी दफ्तरखान्यापेक्षा स्वयंपाकघराच्या भिंती जास्त उपयोगी पडतात. दुधाचा रतीब, गॅसचे सिलिंडर, इस्त्रीचे कपडे यांच्या नोंदी आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत होतात, आणि डिशवाल्याचीही तिथेच झाली.

मूळ आरंभ 1975 चा धरावा लागतो. त्या वर्षी 1 ऑगस्टपासून एक वर्ष ‘साइट’ हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या ‘नासा’ने एटीएस-6 हा उपग्रह वापरायला दिला आणि ‘इस्रो’ने राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत संच बसवले. महाराष्ट्र या यादीत नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फुटी छत्री आणि शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला एक संच, एवढी सामग्री. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी. संच गावाचा असल्यामुळे त्याची वाटही गावाने मिळूनच पाहिली.

याच वेळी एका खासगी घरावरही छत्री बसली. उपग्रहांद्वारे जगभर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडणारे आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत होते. इस्रोचे अभियंते तिथे गेले आणि त्यांच्या घरी अँटेना उभारून आले. श्रीलंकेत दूरचित्रवाणी यायला अजून चार वर्षे होती. म्हणजे ज्याने ही कल्पना मांडली त्याच्या दारी ती तीस वर्षांनी अभियंत्यांसह चालत आली. पुढे कोट्यवधी घरांना जे हवे होते ते हेच: हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिलेला माणूस.

आमच्या पिढीला वाट पाहणे नवे नव्हते. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे. पण त्या थांबण्याला एक क्रमांक असे. पावती कपाटात ठेवायची, अधूनमधून यादी कुठवर आली याची चौकशी करायची आणि बाकी आयुष्य चालू ठेवायचे. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत कोणी दाराशी बसून राहत नव्हते. दूरदर्शनच्या बाबतीत तर वाट पाहायची ती आपल्या भागात प्रक्षेपक उभा राहण्याची. 1984 मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. तो आपल्या गावी आला की ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना गल्लीतलाच कोणी हुशार मुलगा गच्चीवर चढून फिरवी आणि खालून “आलं, आलं, थांब!” अशी आरोळी जाई.

1991 मध्ये आखाती युद्धाची दृश्ये आणि हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या आल्या, तेव्हाही फार फरक पडला नाही. एशियासॅट-1 चे संकेत पकडायला आठ-दहा फुटी छत्री लागे. ती एका घराला परवडत नसे, म्हणून ती एकाच्या गच्चीवर आणि तिच्यातून निघालेली वायर शंभर घरांत, अशी व्यवस्था झाली. केबलवाला आपल्याच आळीतला. चित्र गेले तर पोराला त्याच्या घरी पिटाळायचे. तो सज्जन असो वा दांडगा, त्याचे घर ठाऊक होते, हे महत्त्वाचे.

छत्री दोन फुटांची झाली ती केयू-बँडमुळे. जास्त वारंवारितेच्या या लहरी लहान तबकडीतही पकडता येतात. म्हणजे मधला केबलवाला गाळून उपग्रहाचा संबंध थेट घराशी जुळवता येतो. सरकारला नेमकी याचीच धास्ती वाटली. जुलै 1997 मध्ये अधिसूचना काढून 4800 मेगाहर्ट्झच्या वरच्या दूरचित्रवाणी संकेतांचे ग्रहण करण्यास मनाई झाली. तंत्र तयार, उपग्रह तयार, पण घराने तबकडी लावायची नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये मंत्रिमंडळाने ही दारे उघडली. मार्च 2001 मध्ये नियमावली आली: परदेशी भांडवल एकूण 49 टक्क्यांपर्यंत, त्यात थेट गुंतवणूक 20 टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबर 2003 मध्ये पहिली खासगी सेवा, डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली सेवा, 2006 मध्ये आणखी एक मोठी खासगी कंपनी. इतिहासकार इथे थांबतो. घरातले थांबणे मात्र इथून सुरू होते.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. कार्यक्रम जमिनीवरून वर जाऊन परत खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणूस यायला तीन दिवस लागत. त्याला पर्यायही नव्हता, कारण तबकडी बोटभर इकडेतिकडे झाली तरी चित्र येत नाही. महाराष्ट्रातून यातले बहुतेक उपग्रह आग्नेयेच्या अंगाला दिसतात. तो कोपरा मोकळा हवा, समोर झाड किंवा टाकी नको, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आणलेली हवी, भिंतीत बोल्ट मारायला घरमालकाची हरकत नको. त्यात मुसळधार पावसात केयू-बँडचे संकेत क्षीण होतात, त्यामुळे पावसाळ्यात तक्रारींच्या फेऱ्या वाढून नव्या जोडण्या मागे पडत.

आमच्या घरचे 2008 सालचे कॅलेंडर मी जपून ठेवले आहे. जुलैच्या पानावर तीन चौकटींत ‘डिश’ एवढाच शब्द आहे, पैकी दोनांवर फुली. तिसऱ्या चौकटीत त्याच अक्षरात ‘कि. र. अर्धी’ असे आहे. अक्षर माझ्या पत्नीचे, आणि अर्धी किरकोळ रजा तिच्या शाळेतली. पहिले दोन दिवस रविवार आणि सुट्टीचे होते, म्हणून ते रजेच्या हिशेबात आलेच नाहीत. कंपनीने वेळ दिली होती सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्या दिवसांतले काय आठवते असे मी तिला विचारले, तेव्हा तिने नव्या वाहिन्यांचे नाव काढले नाही. आंघोळीला गेल्यावर बेल वाजली तर, गच्चीवर कपडे वाळत घालताना फोन आला तर, ही धाकधूक तिला अजून आठवते. प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांत झाले.

नंतर मी ओळखीच्या घरांत हाच प्रश्न विचारत गेलो. पुरुषांनी मला वर्ष, कंपनी आणि पॅकेजची रक्कम सांगितली. बायकांनी वार सांगितला. कोणी भिशी चुकवली होती, कोणी माहेरचे हळदीकुंकू, एकीने दातांच्या डॉक्टरची वेळ. कोणीतरी घरी असेलच, हे गृहीत धरून ती दहा ते पाचची वेळ आखलेली होती. ते ‘कोणीतरी’ कोण, हे विचारायची गरज कंपनीला पडली नाही आणि घरालाही नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. या कामात बारा वर्षे काढलेल्या एकाशी मी सविस्तर बोललो. त्याला पगार नव्हता. जोडणीमागे पैसे मिळत, पेट्रोल स्वतःचे. एका घरी गच्चीची किल्ली मिळेना म्हणून तो तासभर जिन्यात बसून राही आणि तेवढ्यात पुढची दोन घरे त्याच्या नावाने बोटे मोडत. दाराच्या आत आणि बाहेर अशी दोन माणसे एकाच वेळी फुकट थांबलेली, आणि दोघांचाही वेळ कोणाच्या खर्चात धरलेला नाही. ही सेवा स्वस्त कशी पडली याचे एक उत्तर इथे आहे.

केबलच्या अंकीकरणाने हे थांबणे सक्तीचे केले. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत 31 मार्च 2013 ला जुनी पद्धत बंद व्हायची होती. सेट-टॉप बॉक्स नाही तर चित्र नाही. किती बॉक्स बसले याचे आकडे तेव्हा सतत जाहीर होत होते. ते बसवून घ्यायला किती दिवस गेले आणि कोणाचे गेले, हे कोणी मोजले नाही.

परवान्यांच्या जमान्याला आपण रांगांचा जमाना म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण ती रांग दिसत होती, तिच्याबद्दल विधिमंडळात प्रश्न विचारता येत होता, वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत होते. उदारीकरणाने रांग संपवली असे म्हणताना ती घराच्या आत नेली, हे सांगायचे राहून जाते. घरातल्या रांगेत एकच माणूस उभा असतो आणि त्याला क्रमांक नसतो. डिशचे दिवस आता ओसरले, पण इंटरनेटची वायर, पाण्याचे यंत्र, दारात सोडायचे पार्सल यांच्यासाठी तीच व्यक्ती तशीच थांबलेली आहे.

दिवाळीच्या साफसफाईत जुनी कॅलेंडरे रद्दीत जातात. यंदा ती देण्याआधी एकदा चौकटी चाळाव्यात, आणि ज्यांचे अक्षर त्यांत आहे त्यांना त्या फुल्यांचा अर्थ विचारावा. दूरचित्रवाणीच्या इतिहासाचे एक पान अजून त्यांच्याचकडे आहे.