एक मासा, दोन तलाव आणि दोन नियम

१/ जपानमधील हाकोने येथील डोंगरांत आशिनोको नावाचा लहानसा तलाव आहे. १९२५ साली उद्योगपती तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेतून आणलेले बास मासे त्यात सोडले. हा मासा खाण्याजोगा, शिवाय गळाला लागल्यावर जोरदार झुंज देणारा.

२/ तलाव डोंगरांनी वेढलेला, त्यामुळे मासा बाहेर पसरणार नाही, अशी अपेक्षा होती. परंतु माणसांनीच तो ठिकठिकाणी नेला. १९७४ साली तो देशातील सर्वांत मोठ्या बिवा तलावात आढळला.

३/ बिवातील निगोरोबुना हा मासा मूळचा तिथलाच. मीठ आणि भातात मुरवून त्याची ‘फुनाझुशी’ करतात. बास स्थानिक माशांची पिले फस्त करू लागला आणि मच्छीमारांची उपजीविका धोक्यात आली.

४/ म्हणून शिगा प्रांताने २००२ साली नियम केला : गळाला लागलेला बास पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. त्याच नियमावलीने जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या बोटींवरही निर्बंध घातले.

५/ २००५ पासून जिवंत बास पाळणे, वाहून नेणे वा अन्यत्र सोडणे देशभर निषिद्ध झाले. तरीही आशिनोकोसह चार तलावांत मच्छीमार सहकारी संस्थांकडे बासच्या मासेमारीचे अधिकृत हक्क आहेत. तेथे शुल्क भरून तो पकडता येतो.

६/ मासा तोच. एकीकडे तो उत्पन्न देतो, दुसरीकडे हिरावून घेतो. त्यामुळे तलावाकाठची नियमांची पाटी वाचताना, ती कोणाची उपजीविका राखण्यासाठी लावली गेली, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने शोधावे.