गुप्त विजयाचे ऋण

राजनीतीत भेदाचा उपाय प्राचीन आहे. परंतु परराज्याचे शासन गुप्तपणे उलथून टाकल्याने जेत्याचे खरोखर हित होते काय, हा प्रश्न इराणच्या इतिहासावरून पारखून पाहण्याजोगा आहे.

१९५१ साली इराणच्या मजलिसने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि स्वित्झर्लंडमध्ये कायद्याचे अध्ययन केलेले डॉ. मोहम्मद मोसाद्देक पंतप्रधान झाले. ब्रिटनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. २२ जुलै १९५२ रोजी, या वादात आपणांस अधिकारक्षेत्र नाही, असा निर्णय न्यायालयाने ९ विरुद्ध ५ मतांनी दिला. त्या नऊंत ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअर हेही होते, हे विशेष होय.

उघड न्यायसभेत जे साधले नाही, त्यासाठी मग अंधाराचा आश्रय घेण्यात आला. मोसाद्देकांच्या पक्षात फूट पडलीच होती; अमेरिकन व ब्रिटिश हेरखात्यांनी द्रव्यबळाने ती रुंदावली. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्रीचा बेत फसला व शहा देश सोडून गेले. तथापि १९ ऑगस्टला जमाव व रणगाडे तेहरानच्या रस्त्यांवर उतरले आणि सरकार कोसळले. मोसाद्देकांना ३ वर्षांचा कारावास झाला; नंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्थानबद्धच राहिले.

१९५४ च्या करारान्वये अमेरिकन कंपन्यांना तेलव्यवहारात ४० टक्के वाटा मिळाला. विजय स्वस्तात पदरी पडला, असेच तेव्हा वाटले असावे. परंतु १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सावाक’ या गुप्त पोलीसदलाच्या धाकाने विरोधाची सनदशीर वाट बुजली, आणि १९७९ मध्ये लोकक्षोभ क्रांतिरूपाने उसळला. पदच्युत शहांना अमेरिकेने उपचारार्थ प्रवेश देताच ‘पुन्हा १९५३’ ही शंका बळावली. दूतावास काबीज झाला. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. मूळ कटाशी त्यांचा काय संबंध होता?

गुप्त कृत्याचा खरा धोका येथेच आहे. त्याला ना वादी असतो, ना प्रतिवादी, ना साक्षीपुरावा. म्हणून चूक वेळीच दाखवून देणाराही कोणी नसतो. सी.आय.ए.ने आपला हात असल्याचे स्पष्टपणे मान्य करणारे दस्तऐवज २०१३ मध्ये, म्हणजे ६० वर्षांनी, प्रकाशात आले. दरम्यान इराणातील प्रत्येक शासनविरोधकावर परकीयांचा हस्तक असल्याचा आरोप करणे सत्ताधीशांस सोपे झाले. ते ऋण तेथील लोक अद्याप फेडीत आहेत.